रोम नगरीचे प्रथमदर्शन

परक्या देशाच्या राजधानीत प्रथमच पाऊल टाकणारा प्रवासी कोऱ्या मनाने तेथे जात नाही. ते शहर त्याने पुस्तकांत वाचलेले असते, चित्रांत पाहिलेले असते आणि त्याविषयी एक पक्की कल्पना मनात बांधूनच तो घराबाहेर पडलेला असतो. पुढे प्रत्यक्ष दर्शन घडते तेव्हा आपण शहर पाहत आहो की आपली कल्पनाच पाहत आहो, हे त्याचे त्यालाही नीटसे सांगता येत नाही. रोमच्या बाबतीत हा अनुभव विशेष तीव्रतेने यावा यात नवल नाही. मराठी वाचकांस ही नगरी दोन वाटांनी परिचित झालेली आहे. एक वाट इंग्रजी शाळांतून शिकविल्या जाणाऱ्या इतिहासाची. तीतून सीझर, ऑगस्टस, नीरो ही मंडळी आपल्या घरी आली. दुसरी वाट मॅझिनी आणि गॅरिबाल्डी यांची. सावरकरांनी मॅझिनीच्या आत्मचरित्राचे केलेले मराठी भाषांतर १९०७ साली प्रसिद्ध झाले आणि लौकरच सरकारने ते जप्तही केले. त्या काळी रोम हे नाव पुष्कळ मराठी घरांत पारतंत्र्यातून सुटण्याच्या आशेशी जोडले गेले होते. आमच्या आजोबांच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टींमुळे ती आशा आमच्यापर्यंतही पोचली होती. त्यामुळे रोमला जाताना आपण परक्या गावी जात आहो असे आम्हांस मुळीच वाटले नाही. फार दिवस ज्याच्याविषयी ऐकले त्या आप्ताच्या भेटीस निघावे, तसे आम्ही निघालो. त्या पहिल्या भेटीत आम्हांस काय वाटले, आणि त्यातील पुष्कळसे कसे चुकीचे ठरले, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे.

आमच्याबरोबर आमचे एक वृद्ध स्नेही होते. त्यांना आम्ही तात्या म्हणतो. सारा जन्म त्यांनी सरकारी बांधकाम खात्यात रस्ते व पूल बांधण्यात घालविला. इतिहासाची पुस्तके त्यांनी आमच्याहून कमी वाचली असतील. पण दगड, चुना आणि जमिनीचा चढउतार यांची भाषा त्यांना आमच्याहून शतपट अधिक कळते. पुढे घडले ते पाहता त्यांची ही विद्याच आमच्या अधिक उपयोगी पडली, हे प्रथमच कबूल केलेले बरे.

विमानतळावरून निघालेली आगगाडी ज्या स्टेशनात येऊन थांबते त्याचे नाव तेर्मिनी. गाडीचा प्रवास तेथे संपतो म्हणून हे नाव पडले असावे, असे आम्ही सहज समजून गेलो, आणि रोममधील आमची पहिली चूक तेथेच झाली. हे नाव रेल्वेच्या जन्माच्या कितीतरी आधीचे आहे. चौथ्या शतकाच्या आरंभी सम्राट डायोक्लीशियनच्या नावाने येथे प्रचंड स्नानगृहे उभी राहिली. स्नानगृहांना लॅटिनमध्ये 'थेर्मी' म्हणत, त्यावरून या भागास तेर्मिनी हे नाव पडले. त्या स्नानगृहांचा एक भव्य दिवाणखाना आजही उभा आहे; कारण सोळाव्या शतकात मायकेल अँजेलोच्या योजनेप्रमाणे त्याचे चर्चमध्ये रूपांतर करण्यात आले. स्टेशनच्या दाराशीच ओबडधोबड पिवळसर दगडांची एक भिंत आहे. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात रोमन लोकांनी शहराभोवती जो तट घातला त्याचा तो तुकडा. इकडे मोटारी उभ्या आहेत, तिकडे लोक सामानाच्या पेट्या ओढीत चालले आहेत, आणि मध्ये तेवीस शतकांपूर्वीचा तट निमूटपणे उभा आहे. आम्ही त्यास हात लावून पाहिला. तात्यांनी मात्र दगडाचे सांधे न्याहाळले आणि "चुना वापरलेला दिसत नाही," एवढाच अभिप्राय दिला.

दुसरे दिवशी सकाळी आम्ही व्हेनिस चौकात जाऊन उभे राहिलो. तेथून आग्नेयेस एक रुंद, सरळ राजमार्ग जातो आणि त्याच्या दुसऱ्या टोकास कोलोसियम दिसते. दोहो बाजूंस सम्राटांच्या चौकांचे भग्नावशेष, तुटके स्तंभ, मधूनमधून छत्रीसारखे पसरलेले पाइन वृक्ष आणि सम्राटांचे पुतळे. तांबूस उन्हात ते दृश्य इतके रम्य दिसत होते की आम्हांस भान राहिले नाही. "तात्या," आम्ही म्हणालो, "ह्याच वाटेने विजयी सेनापती मिरवत गेले असतील. मागे बंदिवान राजे, पुढे कर्णे, आणि समोर हेच कोलोसियम!" तात्या क्षणभर थांबले, त्यांनी रस्त्याकडे पाहिले, मग दोहो बाजूंच्या खड्ड्यांकडे पाहिले आणि शांतपणे म्हणाले, "अहो, जुन्या गावात एवढा सरळ रस्ता आपोआप होत नसतो. कोणीतरी तो पाडून केलेला असतो. आणि हा तर त्या चौकांच्या डोक्यावरून गेला आहे. खालचे चौक आधीचे, वरचा रस्ता मागाहूनचा."

तात्यांचे म्हणणे अक्षरशः खरे निघाले. हा रस्ता १९३२ सालच्या २८ ऑक्टोबर रोजी खुला झाला. मुसोलिनीच्या अनुयायांनी रोमवर चाल केली त्या घटनेस त्या दिवशी दहा वर्षे पूर्ण होत होती, आणि त्या उत्सवासाठीच तो मुद्दाम वेळेवर पुरा करण्यात आला. त्याचे मूळ नाव 'साम्राज्यमार्ग'. ज्या राजवाड्याच्या सज्जातून मुसोलिनी लोकांपुढे भाषणे करी, तो राजवाडा या मार्गाच्या एका टोकास. कोलोसियम दुसऱ्या टोकास. मधली सरळ रेषा हा जणू एक वंशवृक्षच होता: ऑगस्टसचा वारस कोण, हे त्याने न बोलता सांगावे, अशी त्याची योजना होती. ही रेषा काढण्यासाठी मध्ये जे आले ते सर्व बाजूस सारले गेले. मध्ययुगापासून दाटीवाटीने वाढलेला एक संपूर्ण मोहल्ला, त्यातील घरे, दुकाने आणि काही चर्चे पाडण्यात आली. वेलिया नावाची एक टेकडी मध्ये येत होती, ती खणून काढली. आणि सर्वांत विलक्षण गोष्ट ही की, ज्या सम्राटांचा गौरव करण्यासाठी हा मार्ग काढला त्यांचेच चौक पुष्कळ अंशी त्याच्या खाली गाडले गेले. कोलोसियमजवळ एका प्राचीन कारंज्याचा अवशेष शतकानुशतके टिकून होता. लष्करी संचलनास अडथळा होतो म्हणून तोही १९३६ साली काढून टाकला. येथे राहणाऱ्या हजारो माणसांची रवानगी झाली ती शहराच्या बाहेर, ओसाड माळावर उभारलेल्या 'बोर्गाता' नावाच्या वसाहतींत. कामधंद्याचे ठिकाण दूर, शेजारपाजार तुटलेला आणि जाण्यायेण्याची सोय तुटपुंजी, अशी त्यांची स्थिती झाली.

म्हणजे ज्या मार्गावर आम्ही सीझरची सेना पाहिली तो मार्ग वयाने आमच्या आजोबांहून लहान! रस्त्याच्या कडेला एका प्राचीन भिंतीवर संगमरवराचे चार नकाशे बसविलेले आहेत. पहिल्यात रोम हा एक ठिपका. पुढच्या नकाशांत तो वाढत वाढत ट्रेजन सम्राटाच्या काळी अर्ध्या जगावर पसरलेला. आम्ही त्यांचे कौतुकाने अवलोकन करीत होतो. ते नकाशे १९३४ साली लावले हे मागाहून कळले; आणि इटलीने ॲबिसीनिया गिळंकृत केल्यावर १९३६ साली तेथे पाचवाही नकाशा लागला होता, तो महायुद्धानंतर काढून टाकण्यात आला, हेही कळले. चार नकाशे अद्यापि तेथे आहेत आणि प्रवासी ते पाहून प्राचीन इतिहास शिकतात. आम्हीही शिकलोच की! एका हुकूमशहाने आपल्या प्रजेच्या डोळ्यांसाठी उभी केलेली आरास नव्वद वर्षांनंतर एका मराठी प्रवाशावरही तितकीच परिणामकारक ठरावी, या विचाराने आम्ही मनातून ओशाळलो. परंतु त्या ओशाळलेपणातूनच एक प्रश्न उत्पन्न झाला आणि पुढील सर्व दिवस तो आमच्याबरोबर फिरत राहिला. रोममध्ये जे प्राचीन म्हणून आज आपण पाहतो ते इतकी शतके टिकले कशामुळे? गौरवामुळे की आणखी कशामुळे?

कोलोसियमने या प्रश्नाचे पहिले उत्तर दिले. नीरोच्या विलासमंदिरातील तलाव बुजवून त्या जागी व्हेस्पेशियन सम्राटाने हे क्रीडागृह उभारण्यास आरंभ केला आणि त्याचा पुत्र टायटस याने इसवी सन ८० मध्ये ते खुले केले. लांबी सुमारे १८८ मीटर, रुंदी १५६ मीटर, उंची जवळजवळ ४८ मीटर. यहुदी लोकांशी झालेल्या युद्धाच्या लुटीतून त्याचा खर्च भागला. येथे माणसे व जनावरे यांची जी कत्तल करमणूक म्हणून चाले तिचे वर्णन करण्याची आवश्यकता नाही. पुढे खेळ बंद पडले, साम्राज्य लयास गेले, आणि ही इमारत कोणाच्याच कामाची राहिली नाही. कामाची राहिली नाही तेव्हाच तिची खाण झाली. १३४९ च्या भूकंपात दक्षिणेकडील बाह्य भिंत कोसळली, आणि पडलेला दगड राजवाडे व चर्चे यांच्या बांधकामास आयता मिळाला. १४५२ साली एकाच ठेकेदाराने येथून अडीच हजारांवर गाड्या दगड नेल्याची नोंद आहे. जे आज उरले आहे ते पुष्कळ अंशी एका समजुतीमुळे उरले: येथे ख्रिस्ती हुतात्म्यांचे रक्त सांडले असे मानून पोप चौदावा बेनेडिक्ट याने १७४९ साली ही वास्तू पवित्र ठरविली. ढासळू लागलेल्या टोकांना एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी विटांचे भक्कम धीरे दिले गेले. तात्यांनी ते धीरे पाहिले आणि प्रसन्न होऊन म्हणाले, "हा आमच्या खात्यातला माणूस!" पूर्वेकडील धीऱ्यात तर निखळू लागलेल्या कमानींचे दगड जसे निसटत होते तसेच विटांनी पकडून ठेवले आहेत.

त्या काळी ही वास्तू झाडाझुडपांनी भरलेली होती. एका इंग्रज वैद्याने १८५५ साली या एकाच इमारतीत उगवणाऱ्या ४२० जातींच्या वनस्पतींवर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. १८७० नंतर नव्या राष्ट्रीय सरकारने भिंती स्वच्छ केल्या व ते उद्यान नाहीसे झाले. मुळे भिंती फोडतात, तेव्हा ते करणे प्राप्तच होते. परंतु आज दिसणारे उघडेबोडके कोलोसियम प्राचीन लोकांनीही पाहिले नव्हते आणि मधल्या हजार वर्षांतील लोकांनीही पाहिले नव्हते, एवढे मात्र प्रवाशाने ध्यानात ठेवावे.

तेथून फोरममध्ये उतरले म्हणजे एक चमत्कारिक गोष्ट दृष्टीस पडते. अँटोनायनस व फॉस्टीना यांच्या देवालयाचे स्तंभ दिमाखाने उभे आहेत. त्यांच्या आड एका चर्चचा दर्शनी भाग आहे, आणि त्या चर्चचे दार जमिनीपासून कितीतरी वर, अधांतरी लटकलेले आहे. ह्या दारातून कोण कसे जात असेल, असा आम्हांस प्रश्न पडला. त्याचे उत्तर असे की, दार बसविले तेव्हा जमीनच तेथवर होती. नदीचा गाळ, पडलेल्या इमारतींचा राडारोडा आणि शतकांची धूळ यांनी फोरम भरून आला होता. ज्या जागी सिसेरोची वाणी गर्जली तेथे गुरे चरत, आणि लोक त्या जागेस 'गाईंचे मैदान' म्हणून ओळखीत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून पद्धतशीर उत्खनने सुरू झाली आणि जमीन खाली गेली. दार मात्र वरच राहिले. त्या देवालयाचे स्तंभ वाचले ते तेथे चर्च झाल्यामुळे. पलीकडे रोमन सेनेटचे सभागृह जवळजवळ पूर्ण उभे आहे. तेही सातव्या शतकात चर्च झाले म्हणून. ज्यांना नवा धनी भेटला नाही, त्या वास्तूंचे तीनचार खांब उरले किंवा नुसता चौथरा उरला.

याच फोरमच्या काठाशी मॅक्सेंशियसच्या सभामंडपाच्या अवाढव्य कमानी आहेत. त्या मंडपाखाली त्याच्याही आधीच्या वखारी आहेत. सम्राट डोमिशियनने पहिल्या शतकाच्या अखेरीस बांधलेल्या या वखारींत मिरी आणि इतर मसाल्याचे पदार्थ साठविले जात. मिरी अर्थात मलबारची. परंतु हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावरील या व्यापाराचे वर्णन ज्या ग्रीक प्रवासग्रंथात आहे त्यात कल्याण, पैठण आणि तगर म्हणजे आपले तेर यांचीही नावे येतात. कोल्हापूर येथे ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली समुद्रदेव पोसायडनची लहानशी कांस्यमूर्ती तेथील संग्रहालयात आम्ही पूर्वी पाहिली होती. ती याच व्यापाराच्या ओघात आली. पंचगंगेच्या काठी पाहिलेल्या वस्तूचा धागा रोमच्या मिरीच्या वखारीपाशी येऊन जुळावा, याचा आनंद इतका झाला की सकाळची फजिती आम्ही क्षणभर विसरलो.

कॅपिटोल टेकडीवरील चौकाची रचना मायकेल अँजेलोची. मध्यभागी मार्कस ऑरेलियस सम्राटाचा अश्वारूढ पुतळा आहे. मूळ कांस्यपुतळा आता शेजारच्या संग्रहालयात असून चौकात त्याची प्रतिकृती आहे. प्राचीन रोममध्ये असे धातूचे पुतळे पुष्कळ होते. बहुतेक सर्व वितळविले गेले. हा एक वाचला, कारण घोड्यावरील पुरुष हा पहिला ख्रिस्ती सम्राट कॉन्स्टंटाइन आहे, असे मध्ययुगातील लोक समजत. तत्त्वज्ञ म्हणून ज्याची ख्याती, त्या मार्कसला वाचविले ते तत्त्वज्ञानाने नव्हे, लोकांच्या चुकीने!

त्याच टेकडीस टेकून पांढऱ्याशुभ्र दगडाचे एक अगडबंब स्मारक उभे आहे. १८७० च्या २० सप्टेंबरला इटलीचे सैन्य रोममध्ये शिरले, पोपची राजसत्ता संपली, आणि पुढच्या वर्षी रोम ही संयुक्त इटलीची राजधानी झाली. त्या राष्ट्राचा पहिला राजा व्हिक्टर इमॅन्युएल याचे हे स्मारक १८८५ साली सुरू होऊन १९११ साली खुले झाले. यासाठीही टेकडीच्या उतारावरील जुनी वस्ती साफ करण्यात आली. रोमचा दगड पिवळसर तांबूस, आणि हा उत्तरेकडून आणलेला संगमरवर दुधासारखा पांढरा. त्यामुळे तो शहरात मिसळत नाही. पाडापाडी मुसोलिनीनेच सुरू केली असे नव्हे, हे येथे स्पष्ट दिसते. स्वतंत्र झालेल्या राष्ट्रालाही आपले मोठेपण दाखविण्यासाठी मोकळी जागा लागली, आणि ती जागा कोणाच्या तरी घराचीच होती.

दुपारी पावसाची सर आली म्हणून आम्ही पँथिऑनमध्ये शिरलो, आणि रोममध्ये जे पाहिले त्यात हीच वास्तू आमच्या मनावर सर्वांत खोल उमटली. दर्शनी पट्टीवर अग्रिप्पाचे नाव कोरलेले आहे. परंतु इमारत हेड्रियन सम्राटाच्या काळची, म्हणजे इसवी सन १२६ च्या सुमाराची. घुमटाचा व्यास ४३ मीटरांहून थोडा अधिक आणि जमिनीपासून त्याची उंचीही तेवढीच. लोखंडाच्या सळया न घालता, केवळ काँक्रीटचा असा एवढा मोठा घुमट जगात दुसरा नाही. वर जातो तसतसा तो पातळ होत जातो आणि काँक्रीटमधील दगडही हलका होत जातो, हे तात्यांनी आम्हांस समजावून दिले. माथ्यावर मोठे वर्तुळाकार भोक उघडेच आहे. त्यातून पाऊस आत पडत होता आणि फरशीतील बारीक छिद्रांवाटे निथळून जात होता. १९०० वर्षे हा पाऊस असाच पडत आला आहे. ही वास्तू पूर्ण का राहिली? सम्राट फोकस याने ती पोपला दिली आणि ६०९ साली तिचे चर्च झाले. त्या दिवसापासून आजपर्यंत ती वापरात आहे. चित्रकार राफाएल येथे चिरनिद्रा घेत आहे. इटलीचा पहिला राजाही येथेच आहे. २०२३ पासून प्रवाशांस प्रवेशशुल्क द्यावे लागते, परंतु प्रार्थना अद्यापि चालते. वापरणाऱ्यांनी तिला ओरबाडलेही आहे. सतराव्या शतकात बार्बेरिनी घराण्यातील पोप आठवा अर्बन याने देवडीच्या छताचे कांस्य काढून त्याच्या तोफा ओतविल्या, तेव्हा 'बर्बर' आणि 'बार्बेरिनी' या शब्दांवर कोटी करून रोमच्या लोकांनी त्याची यथेच्छ टर उडविली. परंतु छत गेले तरी घुमट राहिला.

आता आमच्या प्रश्नाचे उत्तर आमच्यापुरते स्पष्ट होऊ लागले. रोममध्ये जे राहिले ते मुख्यतः वापरामुळे राहिले, काही श्रद्धेमुळे, काही चक्क गैरसमजामुळे. ज्याचा वापर सुटला ते खाण झाले. आणि ज्या दिवशी राज्यकर्त्यांनी प्राचीनतेचा गौरव करावयाचे ठरविले, त्या दिवशी प्राचीनतेच्या आजूबाजूस जे जिवंत होते त्याच्यावर कुदळ पडली. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्याच कुदळीने ट्रेजनच्या बाजारपेठेची सुंदर इमारत मोकळी केली; उत्खनने झाली नसती तर फोरममध्ये अजूनही गाईच चरत असत्या, आणि आम्ही तेथे काय पाहिले असते? शोधासाठी खणणे आणि देखाव्यासाठी पाडणे यांत मात्र महदंतर आहे. शोध करणारा जे सापडेल ते पाहण्यास तयार असतो. देखावा करणाऱ्यास काय दिसावे हे आधीच ठाऊक असते, आणि बाकीचे त्याला अडचण वाटते.

सेंट पीटरच्या महामंदिराकडे जाताना याची पुन्हा एकदा प्रचीती आली. बर्निनीने सतराव्या शतकात या मंदिरापुढे दोन अर्धवर्तुळाकार स्तंभमाला उभारल्या. त्या काळचा यात्रेकरू अरुंद, अंधाऱ्या गल्ल्यांतून चालत येई आणि एकाएकी त्या विशाल चौकात उघड्या आकाशाखाली येऊन उभा राही. तो आश्चर्याचा क्षण आम्हांस लाभला नाही. १९२९ साली पोप व इटली यांच्यात करार झाला, आणि त्या समेटाचे स्मारक म्हणून १९३६ साली मधली वस्ती पाडण्यास सुरुवात होऊन १९५० साली रुंद मार्ग पुरा झाला. आता मंदिर नदीपासूनच दिसू लागते आणि त्याच्याकडे आपण अर्धा मैल नुसते चालत राहतो. जवळ जाण्याचा आनंद असा हप्त्याहप्त्याने खर्च होऊन जातो. अर्थात ते मंदिर तरी कशावर उभे आहे? कॉन्स्टंटाइनने बांधलेले बाराशे वर्षांचे जुने मंदिर १५०६ पासून पाडत पाडत त्याच जागी हे उभे राहिले. रोममध्ये पूर्णपणे निर्दोष असा बांधणारा शोधून सापडणार नाही.

शेवटच्या संध्याकाळी आम्ही जानिक्युलम टेकडीवर गेलो. तेथे गॅरिबाल्डीचा अश्वारूढ पुतळा आहे, आणि खाली सारे रोम पसरलेले दिसते. १८४९ च्या फेब्रुवारीत येथे प्रजासत्ताक स्थापन झाले. मॅझिनी त्याच्या तिघा अधिकाऱ्यांपैकी एक होता. फ्रेंच सैन्याने वेढा घातला, याच टेकडीवर तरुणांनी प्राण दिले, आणि जुलैच्या आरंभी ते राज्य संपले. पुरते पाच महिनेही नाहीत. त्या अल्पायुषी राज्याने आपल्या घटनेत देहान्तशिक्षा रद्द केली. आणि ज्या वाड्यातून धर्मद्रोह्यांचे न्यायनिवाडे होत तो वाडा गरीब कुटुंबांच्या राहण्यासाठी देण्याचे फर्मान काढले. आजोबांच्या तोंडून ऐकलेल्या मॅझिनीची आम्हांस खरी भेट झाली ती येथे. याच नगरीत एका राज्याने वाड्यात माणसे नेऊन ठेवण्याचे ठरविले, आणि त्र्याऐंशी वर्षांनी दुसऱ्याने देखाव्यासाठी माणसे घरांतून उठविली. पहिल्या राज्याचे फर्मान कागदावरच राहिले. दुसऱ्याचा रस्ता मात्र आजही आहे आणि सुंदर दिसतो, ही इतिहासाची खोच मनास लागल्यावाचून राहत नाही. त्या रस्त्याचे काय करावे याचा वाद रोममध्येही अनेक वर्षे चालू आहे. २०१३ साली त्याच्या कोलोसियमकडील भागावर खाजगी मोटारींस बंदी झाली, परंतु तो उखडून खालचे चौक जोडावेत की नाही, यावर एकमत नाही. तोही आता इतिहासच झाला आहे, असे काहींचे म्हणणे.

टेकडी उतरून नदी ओलांडली तो अंधार पडला होता. वाटेत मार्सेलसचे नाट्यगृह लागले. ऑगस्टसच्या काळचे हे नाट्यगृह मध्ययुगात गढी झाले, पुढे सरदारांचा वाडा झाला, आणि त्याच्या वरच्या मजल्यांवर आजही माणसे राहतात. खाली दोन हजार वर्षांच्या कमानी, आणि वर एका खिडकीत दिवा लागलेला होता. आत कोणीतरी जेवणाची तयारी करीत असावे. भांड्यांचा आवाज येत होता. तात्या बराच वेळ वर पाहत उभे राहिले. "इमारतीत माणूस राहतो ना," ते म्हणाले, "तोवर गळती लागली की कौल बदलले जाते. माणूस गेला की मग समित्या नेमाव्या लागतात."

आपल्याकडेही तीर्थक्षेत्रांभोवतालची दाटी मोकळी करण्याच्या, जुन्या वास्तूंसमोर रुंद रस्ते काढण्याच्या योजना निघतात, आणि सुधारणा म्हणून त्यांचे स्वागत होते. दाटीत राहणाऱ्यांचे हाल आम्ही नाकारीत नाही. अरुंद बोळांचे गोडवे गाणे हे तेथे न राहणाऱ्यास फार सोपे असते. आमचे म्हणणे इतकेच की, असा रस्ता काढण्यापूर्वी तो कोणाच्या सोयीसाठी आहे हे विचारावे. तेथे राहणाऱ्यांच्या, की आमच्यासारख्या दोन दिवस येऊन पाहणाऱ्यांच्या? रोमच्या पहिल्या सकाळी ज्या देखाव्याने आमचे भान हरपले तो आमच्यासारख्यांसाठीच रचलेला होता, आणि त्याची किंमत माळावरच्या वसाहतींत राहावयास गेलेल्या अनोळखी कुटुंबांनी भरली होती. ते ऋण प्रवाशास फेडता येत नाही. निदान ते आपल्या नावावर आहे, हे त्यास माहीत असावे.